आधी ठेवायचं, मग विचारायचं

२ तारीख, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. सरांनी सांगितलंय की विजेता माणूस रोज स्वतःशी खरं बोलतो आणि ते लिहून ठेवतो. सर म्हणजे परवाच्या शिबिराचे प्रशिक्षक. शिबिराचा विषय होता 'विजेत्याची मनोवृत्ती'. ह्या मनोवृत्तीचे तीन खांब आहेत: स्वावलंबन, संघभावना आणि हृदय. तिसऱ्या खांबाशी आल्यावर सरांनी स्वतःच्या छातीवर अशी थाप मारली की सदऱ्याला अडकवलेला माईक कडाडला आणि मागच्या रांगेतले दोघं-तिघं दचकून जागे झाले. मी जागाच होतो.

तर खरं बोलतो. मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि साडूंच्या कंपनीत नोकरी करतो. थोरली बहीण त्यांच्या घरात, धाकटी माझ्या. त्यांचा धंदा घरसामान हलवण्याचा, ह्या घरातलं कपाट त्या घरात. मी आधी जाऊन सामान बघतो आणि ट्रक केवढा लागेल ते सांगतो. माझा अंदाज सहसा चुकत नाही. कधीकधी ट्रक लहान निघतो, एवढंच.

आज साडूंनी केबिनमध्ये बोलावलं. मालवाहतूकवाल्यांच्या संघटनेचा क्रीडादिन असतो, त्यात रस्सीखेच असते. आमच्या कंपनीची माणसं दरवर्षी पहिल्याच फेरीत तोंडावर पडून घरी येतात. ढाल निळ्या ट्रकवाल्यांकडे जाते आणि त्यांचा मालक ती गाडीच्या मागच्या काचेत ठेवून वर्षभर साडूंच्या पुढून जातो. साडू म्हणाले, "ते शिबिर-बिबिर केलंस ना तू? मग ढाल आणून दाखव. आणलीस तर नवी शाखा तुझी."

नवी शाखा. मी तिथला प्रमुख. दारावर पाटी, आत माझं टेबल, आणि साडूंची बेल वाजली की उठून जायला नको. 

घरी बायकोला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती.

"दोरी तुम्ही खेचणार?"

"मी नेतृत्व करणार."

"म्हणजे उभे राहणार." मग चिमटे लावून झाल्यावर म्हणाली, "शाखा मिळाली तर बरंच होईल हो. ताई जुने पडदे पाठवते तेव्हा एकदा तरी 'नको' म्हणता येईल."

४ तारीख, बुधवार

गोदामात संघ जमवला. मुकादम मामा, डोंगर, वकील, आणि चौघं भाऊ. मामा कुणाचाच मामा नाही, पण सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्याने तरुणपणी एकट्याने पाठीवर पियानो नेला, असं तो स्वतःच सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसरा मजला होता. आता चौथा झालाय. डोंगर हा डोंगरच आहे. वकील वकील नाही, पण गप्प बसत नाही. चौघं भाऊ एकमेकांचे चुलत-मावस कसले तरी लागतात आणि चौघं मिळून एका माणसाइतकं बोलतात. हे सात आणि मी, असे आठ.

मी तीन खांब समजावून सांगितले. वकिलाने हात वर केला. "साहेब, स्वावलंबन म्हणजे ज्याचं त्यानं उचलायचं. संघभावना म्हणजे सगळ्यांनी मिळून उचलायचं. मग कपाट आलं की नक्की काय करायचं?"

"ते हृदय ठरवेल," मी म्हणालो. हे उत्तर मला ऐन वेळी सुचलं. सरांनीही हेच दिलं असतं.

"माझं हृदय बायकोबरोबर माहेरी गेलंय," वकील म्हणाला. "सोमवारी येईल."

सगळे खदाखदा हसले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण सर म्हणतात की ज्याच्यावर हसतात तोच पुढे जातो. म्हणजे मी बराच पुढे असणार.

६ तारीख, शुक्रवार

पहिला खांब: स्वावलंबन. आज एका डॉक्टरीणबाईंचं घर हलवायचं होतं. मी मुद्दाम सोबत गेलो आणि फर्मान काढलं की आज कुणीही कुणाला हात लावायचा नाही, ज्याचा नग त्याने न्यावा. डोंगरने फ्रीज पाठीवर घेतला आणि शिट्टी वाजवत गेला. भावांपैकी एकाने काचेच्या दाराचं कपाट घेतलं. ते आता काचेच्या दाराचं नाही. बाई बरंच बोलल्या. मी त्यांना समजावलं की माणसाच्या जडणघडणीत थोडी तूटफूट होतेच, तर त्या आणखी बोलल्या.

मग मामाने मला न विचारताच माणसं जोडीला लावली. मोठं लाकडी कपाट चौघांनी धरलं, मामा खालून आवाज देत होता. अर्धा जिना उतरले आणि एक भाऊ नुसता "आई गं" म्हणाला. क्षणात कपाट पायरीवर. चौघांचे हात एकदम खाली आले, कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. मग विचारपूस. काय, तर लाकडाची बारीक सळी बोटात गेली होती. ती काढली, फुंकर मारली, पुन्हा उचललं.

मी मामाला म्हणालो, "एवढ्याशा सळीसाठी सगळं काम थांबवलंत?"

"सळी आहे हे आधी कुठं माहीत होतं? आमच्यात ओरडलं की आधी ठेवायचं, मग विचारायचं," तो म्हणाला. "विचारत बसलं की बोट जातं." आणि त्याने डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट दाखवलं. त्याला वरचं पेर नाही. "पियानोखाली."

"दाराच्या फटीत," वकील मागून म्हणाला. "मी होतो तिथं."

त्यांचं भांडण सोडून मी बाहेर येऊन उभा राहिलो. माझ्या मनात एकच विचार. निळे ट्रकवाले ओरडल्यावर थांबत असतील का? ही सवय मोडायला हवी.

८ तारीख, रविवार

दुसरा खांब: संघभावना. सरांचा खेळ घेतला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, दुसऱ्याने झेलायचं. आधी मी पडलो. मनात धाकधूक होती, खोटं कशाला लिहू. पण मामा आणि वकील यांनी मला असं अलगद झेललं की मानेलाही झटका बसला नाही. वकील म्हणाला, "नाजूक सामान, ही बाजू वर." हा त्यांचा रोजचाच उद्योग असल्यामुळे यात विशेष काही नाही.

मग डोंगरची पाळी, आणि झेलायला मी. तो डोळे मिटून मागे यायला लागला. तो येताना दिसला तेव्हा मला एकाएकी सुचलं की माणसाला पडण्याचाही अनुभव हवा, नाहीतर तो परावलंबी होतो. म्हणून मी बाजूला झालो. हा निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला होता. डोंगर पाठीवर आपटला आणि थोडा वेळ छताकडे बघत राहिला.

"लागलं का रे?" मामा म्हणाला.

"नाही," डोंगर म्हणाला. "साहेबांना कुठं लागलं नाही ना खाली, तेवढं बघा."

साधा माणूस आहे. त्याला वाटलं मी त्याच्याखाली सापडलो.

घरी बायकोने विचारलं कसं झालं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाजूला झालात?"

"शिकवण म्हणून."

"हं," ती म्हणाली, आणि पानं वाढायला घेतली.

११ तारीख, बुधवार

आज ट्रकला दोर बांधून सराव. सगळ्यांकडून घोष म्हणवून घेतला: "जीव गेला तरी दोर सोडणार नाही." वकील म्हणाला, "जीव गेल्यावर दोर कोण धरणार?" पण म्हणाला. पहिल्यांदा ट्रक जागचा हलला नाही. मी म्हणालो, हृदयाने खेचा. दुसऱ्या वेळी ट्रक चक्क हलला. हलला म्हणजे चालायला लागला. आम्ही बाजूला झालो तरी तो आपला चाललाच होता, फाटकापर्यंत गेला. चालकाने येऊन भलताच तमाशा केला, ब्रेक कुणी काढला म्हणून. मामा म्हणाला, "मी काढला. साहेबांचा उत्साह मोडायला नको." चेष्टा करायची त्याची ही पद्धत. ट्रक हृदयाने हलला हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मनगटाला दोराचा एक वळसा घेतला की पकड पक्की बसते, हा शोध मला आज लागला. मामा म्हणाला, "वळसा घेऊ नका साहेब, सुटत नाही."

"सुटूच नये म्हणून तर घेतोय," मी म्हणालो. तो दोर गुंडाळायला गेला.

१३ तारीख

कंबर धरली आहे. बायकोने शेकून दिली. शेकताना म्हणाली, "घोडामैदान जवळच आहे म्हणा, बघू घोडा पोचतो का."

१५ तारीख, रविवार

उजवा हात गळ्यात आहे. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

सकाळी मैदानावर पोचलो तेव्हा साडू आणि मेहुणी आधीच खुर्च्यांवर बसले होते. पलीकडे निळ्या ट्रकवाल्यांचा मालक, काळा चष्मा लावून. मेहुणी बायकोला म्हणाली, "अगं, यांना कशाला उतरवलंस?" जसं काही मी पोहायला उतरलोय.

पहिली फेरी आम्ही जिंकलो. समोरच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत. विजय तो विजय. दुसऱ्या फेरीत समोरच्यांनी जोर लावला तेव्हा डोंगर दोर कमरेशी धरून खाली बसला. नुसता बसला. तो उठेना आणि ते त्याला हलवू शकेनात. शेवटी तेच दमून आमच्याकडे आले.

मग अंतिम फेरी, निळ्यांशी. पहिली खेच त्यांची, दुसरी आमची. साडू खुर्चीतून उठून उभे राहिले. तिसरी खेच सुरू व्हायच्या आधी मी मनगटाला वळसा घेतला, एक नाही, दोन. मी सगळ्यांत पुढे होतो. मामा मागून आवाज देत होता, कपाटाला देतो तसाच, घाई नाही, आरडाओरडा नाही, "घ्या... थांबा... घ्या." आणि मधला रुमाल आमच्याकडे यायला लागला. खरंच यायला लागला. मला नव्या शाखेची पाटी दिसली, तिच्यावरची अक्षरंसुद्धा. दोन हात राहिले, एक हात राहिला.

तेवढ्यात निळ्यांनी शेवटचा झटका दिला. पुढून ते ओढतायत, मागून आमचे, आणि मधे दोन वळशांत माझं मनगट. काहीतरी कट्कन वाजलं. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, बायको म्हणते खुर्च्यांपर्यंत ऐकू आलं.

आणि आमच्या सातही जणांनी दोर ठेवला.

फेकला नाही. सात जण एकदम दोन पावलं पुढे आले, वाकले, आणि दोर जमिनीवर ठेवला. अर्धा जिना उतरलेलं कपाट ठेवतात तसा. निळे आठही जण एकमेकांच्या अंगावर उताणे पडले. मी चार पावलं फरपटलो, तेवढ्यात वळसे सुटले आणि मागून कुणीतरी मला कमरेला धरून उचलून घेतलं. तो डोंगर होता. रुमाल केव्हाच पलीकडे गेला होता. पंचाने शिट्टी वाजवली. मामा माझं मनगट दोन्ही हातांत धरून विचारत होता, "बोटं हलतात का? हलवून दाखवा. सगळी."

सगळी हलत होती. ढाल गेली.

१६ तारीख, सोमवार

हाडाला बारीक चीर आहे, डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा वेळ ताण राहिला असता तर हात कामातून गेला असता. डॉक्टरांना खेळातलं काही कळत नाही.

रडू आलं. एक हात, फक्त एक हात राहिला होता. हातातोंडाशी आलेला घास गेला. सात जणांपैकी एकालाही असं वाटू नये की थोडं थांबून बघू?

बायको औषध देताना म्हणाली, "आधी कुणी सोडला?"

"आधी-नंतर काही नाही. सगळ्यांनी एकदम."

"एकदम? एकमेकांकडे न बघता?"

"तेच तर सांगतोय."

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "चांगली माणसं आहेत."

मी तिला चूक समजावून सांगितली. तिला ती समजली नाही.

१८ तारीख, बुधवार

साडूंनी केबिनमध्ये बोलावलं. काळा चष्मा काल पुन्हा त्यांच्या पुढून गेला होता, ढालीसकट. साडू म्हणाले, जिंकलेला डाव गेला कसा ते सांग. मी खरं तेच सांगितलं: मी शेवटपर्यंत दोर सोडला नव्हता, बाकीच्यांनी सोडला. त्यांनी विचारलं, असं कसं झालं. मी म्हणालो, मामाने लावलेली सवय आहे. हेही खरंच आहे. मी कशाचीही शिफारस केली नाही.

दुपारी मामाचं मुकादमपद काढून घेतल्याचं कळलं. तो आता बाकीच्यांसारखाच उचलायचं काम करणार. गोदामातून जाताना तो दिसला. मला वाटलं काही बोलेल. तो म्हणाला, "साहेब, हात कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे. "बरं," म्हणाला आणि गाद्या उचलायला गेला. मला त्याचा राग आला. कशाचा ते मलाही नीट सांगता येत नाही.

२१ तारीख, शनिवार

शाखा मिळाली!

साडू म्हणाले, "ढाल नाही आली, पण दोर न सोडणारा तू एकटाच निघालास. जा." मेहुणी तिथेच होती. ती म्हणाली, शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, रोज इकडे यायची दगदग करू नका, सणसमारंभालाही नाही आलात तरी आम्ही समजून घेऊ. किती विचार करतात माझा. साडूंनी तर मी बाहेर पडायच्या आधीच माझं टेबल हलवायला माणसं बोलावली होती.

धावत घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती उडीच मारेल.

"आणि मामा?" ती म्हणाली.

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत म्हणून तुम्हाला शाखा."

"हो."

"तुमचा सुटत नव्हता," ती म्हणाली.

दोघी बहिणींची जीभ सारखीच, फक्त थोरलीची घरातल्या पडद्यांसारखी जुनी झालीय. हे वाक्य मला चांगलं जमलं, पण तिला ऐकवलं नाही.

४ तारीख, शनिवार, नवा महिना

शाखा सुरू. पाटी लागली. मामाच्या टोळीतला एकही इकडे आला नाही, मीही बोलावलं नाही. कोरी पाटी बरी. व्यायामशाळेतून चार पैलवान निवडले. ह्यांनी याआधी खुर्चीसुद्धा हलवलेली नाही, म्हणजे वाईट सवयी नाहीत. दंड एकेकाचे माझ्या मांडीएवढे. पहिल्याच दिवशी शिकवलं: काहीही झालं तरी थांबायचं नाही. कुणी ओरडलं तर आपला घोष त्याच्याहून मोठ्याने म्हणायचा. "थांबला तो हरला." चौघांनी असा आवाज लावला की शेजारचा शिंपी बाहेर आला.

असं ऐकणारी माणसं मला आधी मिळती तर.

हात बरा आहे. बायको अजून शाखा बघायला आलेली नाही. उद्या येते म्हणते, पण कुठला उद्या ते सांगत नाही. ताईने नव्या शाखेला म्हणून जुने पडदे पाठवले, ते लावले.

९ तारीख, गुरुवार

पैलवानांनी तीन घरं हलवली. वेग वाखाणण्यासारखा. तूटफूट जरा जास्त. एका गिऱ्हाइकाच्या भिंतीला भोक पडलं, पण खिडकी नव्हतीच तिथे, उजेड येईल.

१४ तारीख, मंगळवार

दवाखान्यातून लिहितोय.

आज सकाळी चार दारांचं जुनं कपाट, तिसऱ्या मजल्यावरून. जिना अरुंद. पुढाऱ्याने पुढे असावं म्हणून मी खालच्या बाजूला होतो, उलटा चालत सूचना देत होतो. दुसऱ्या वळणावर कपाटाचा कोपरा माझ्या डाव्या पावलावर आला.

मी ओरडलो. चौघांनी घोष सुरू केला. मी आणखी ओरडलो. त्यांनी आणखी मोठ्याने म्हटलं, "थांबला तो हरला." मी "पाय, पाय" म्हणत होतो, ते त्या घोषात कुणाला ऐकू जाणार? कपाट माझ्या पावलावरून खालच्या पायरीवर गेलं, मग त्याच्या खालच्या. मी भिंतीला धरून बसलो. ते तसेच उतरले, कपाट ट्रकमध्ये चढवलं, दोर बांधला, फळी लावली. मग त्यांच्यातला एक वर आला, घाम पुसत.

"साहेब, थांबलो नाही," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

मी म्हणालो, "शाबास." दुसरं काय म्हणणार? शिकवण माझी, आणि अक्षरशः पाळलेली. तो खूश होऊन खाली गेला आणि ट्रक निघाला, कारण पुढच्या घरी वेळेवर पोचायचं होतं. गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईने मला पाणी दिलं. म्हणाली, "बाळा, तुमच्यात कुणी बघत नाही का रे एकमेकांकडे?" गाडी तिनेच बोलावली.

पावलाची दोन हाडं मोडली आहेत. सरांनी शिबिरात दिलेल्या पुस्तिकेत अशा वेळी काय करावं ते दिलेलं नाही. बघितलं.

१६ तारीख, गुरुवार

आज घरी सोडलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. मी बायकोला म्हणालो, पैलवानांना फोन कर. तिने केला. ते म्हणाले, आज काम आहे, थांबता येणार नाही.

"मग?" मी म्हणालो.

"बघते," ती म्हणाली.

गाडी घराखाली आली तेव्हा फाटकाशी मामा, डोंगर आणि वकील उभे होते. बायको सकाळीच गोदामात जाऊन आली होती, मला न सांगता. मला गाडीतून उतरायचंच नव्हतं. दुसरीकडे बघत बसलो, जसं काही मला कुणी दिसलंच नाही. पण सामान ट्रकमधून उतरायला कधी तयार असतं? डोंगरने मला उचलून खुर्चीत ठेवलं, पायाखाली फळी आणि उशी दिली. वकील खुर्चीभोवती पट्टा बांधत म्हणाला, "वजन किती धरायचं साहेब? मनोवृत्तीसकट?"

"वहिनी, भिंतीला ओरखडा गेला तर आमची जबाबदारी नाही," मामा म्हणाले. "आणि चहा आधी सांगून ठेवतो, वर गेल्यावर विसरायला होतं."

मामा खालच्या बाजूला राहिले, जिथे कोपरा लागतो तिथे. वर डोंगर आणि वकील. मामांनी आवाज दिला, घ्या, आणि मी जिन्यावरून वर जायला लागलो. पहिल्या मजल्याच्या आधी प्लास्टर कठड्याला लागलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. खुर्ची खाली. तिघांचे हात एकदम. "कुठं लागलं?" त्यांनी माझा पाय उशीवर नीट ठेवला, पट्टा सैल केला, पुन्हा उचललं. मला लाज वाटत होती, इतकी की मी मामांच्या टकलाकडे बघत होतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो. ह्या माणसाचं पद माझ्या एका वाक्याने गेलं. ते वाक्य खरं होतं असं मी इथेच लिहून ठेवलंय. ते खोटं होतं; दोर मी धरून ठेवला नव्हता, तो सुटत नव्हता.

काहीतरी बोलायला हवं होतं. जिन्यात ते तिघं धापा टाकत असताना काय बोलणार? 

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला काहीही दुखत नव्हतं. पाय सरळ होता, उशी जागेवर होती. तरी मी ओरडलो.

त्यांनी खुर्ची ठेवली. तिघांनी, एकदम, एकमेकांकडे न बघता.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग खाली वाकून हात पुन्हा खुर्चीच्या पायांखाली घातले.

"बरं," म्हणाले. "घ्या."